बिनकाट्याची चौपट्टी

२० सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. नमस्कार.

पोचले. खोलीचं कुलूप गंजलं होतं. घरमालकीणबाईंनी तेल घालून उघडून दिलं आणि म्हणाल्या, "इतके दिवस आली नाहीस, मला वाटलं उजवलं तुला." मी म्हटलं, ते धाडस घरात फक्त आत्याला आहे आणि ती अजून माझ्या बाजूनं आहे.

कामावर दुसऱ्याच दिवशी गेले. संग्रहालयाच्या तळमजल्यावरच्या खोलीत दोनशे चौदा बरण्या आहेत. प्रत्येकीत स्पिरिटात बुडवलेले मासे, बाहेर चिठ्ठी. जुन्या चिठ्ठ्यांची शाई उडत चालली आहे. त्या वाचायच्या, मासा ओळखून बघायचा आणि नवी चिठ्ठी चिकटवायची, हे माझं काम. मार्चमध्ये परीक्षा झाली की नोकरी पक्की.

साहेबांना सुट्टीत केलेल्या तक्त्याबद्दल सांगितलं. म्हटलं, आमच्या बेटावर बायका पोवळ्याच्या खडकातला बारीक मासा निवडून वाळवतात. त्यातला खायचा कुठला आणि फेकायचा कुठला, हे मी बावीस चित्रं काढून भिंतीवर लावून आले. चौपट्टीचंही सांगितलं. एवढासा बोटभर मासा, पांढऱ्या अंगावर चार काळे पट्टे, मधले दोन पोटापर्यंत उतरलेले, शेपूट पिवळी. जाळ्यात तो ढिगानं येतो आणि आम्ही अर्धी टोपली समुद्रात परत ओततो, कारण काय तर आजीच्या आईनं सांगितलं होतं. साहेब हसले. म्हणाले, "मग तुम्ही काय लिहिलंत?" मी सांगितलं, सुट्टीवर जाण्याआधी एक्क्याण्णव नंबरची बरणी पाहून चित्र काढून नेलं आणि खाली लिहिलं, खायला चालतो.

आत्या, ज्याचं कारण कुणालाच सांगता येत नाही ते किती दिवस मानायचं? घरातली पहिली पदवी माझी. ती नुसती टांगून ठेवण्यात काय अर्थ आहे? ती चुलीपर्यंत गेली पाहिजे.

तक्ता बायका वापरतात का ते कळव. आणि अक्षरांवर रेघ मारत जा. तुझं मागचं पत्र घरमालकीणबाईंना वाचून बघायचं होतं, त्यांना एक ओळ लागली नाही.

तुझी,
मोजणी


५ ऑक्टोबर

चि. मोजणीबाई,
आशीर्वाद.

घरमालकीणबाईंना माझं पत्र लागलं नाही हे उत्तम झालं. त्यांच्यासाठी लिहिलेलंच नव्हतं. रेघ मी मारायची नाही. मास्तरांनी हातावर छड्या मारल्या तेव्हा मारली नाही, आता काय मारते. कागदावर पाऊस पडतो का, अक्षरांना छप्पर कशाला?

पाऊस खरा इथं पडला. तू गेलीस आणि चौथ्या दिवशी वादळानं धक्का मोडला. बोट लांब उभी राहते, टपालाच्या पिशव्या आणि पोती होडीतून आणतात. माणसं घेत नाहीत. बिनतारी यंत्रही गेलं. आता गुरुवार ते गुरुवार आपण जगात नाही असं समज.

तक्ता मासळी वाळवायच्या आवारात भिंतीवर आहे. त्याची मोठीच गंमत झाली. बायकांनी तो काढून खिडकीच्या काचेवर धरला, वर पातळ कागद ठेवला आणि एकेकीनं गिरवून नेला. सतरा घरांत तक्ते झाले. त्यातल्या बारकीनं शेपट्या रंगवायला आपल्या पोरीचा पिवळा खडू संपवला. खाली तुझं नावसुद्धा सगळ्यांनी गिरवलंय, ज्यांना लिहिता येत नाही त्यांनीही. तुझ्या बाबांनी ते सतरा ठिकाणी जाऊन वाचलं. कुठं चाललात विचारलं की म्हणतात, सहज.

पण चौपट्टी अजून कुणी शिजवलेली नाही. हातात घेतात, चित्राशी धरून बघतात आणि खाली ठेवतात. भीती आहे. माझी आई सांगायची, चौपट्टी चुलीवर नको. का, ते तिनंही सांगितलं नाही. म्हणून मी नियम केला आहे की पहिली चौपट्टी माझ्या तोंडात जाईल, मग बाकीच्यांच्या. येत्या चौदा तारखेला, बोटीच्या पिशव्या आल्या की सगळ्यांसमोर खाते. तुझं नाव आहे खाली, मला कसली भीती?

एक मात्र विचारायचं राहतंय. निवडताना मी शेपटीकडून डोक्याकडे अंगठा फिरवते, तुला माहीत आहे, सवयच आहे. काही चौपट्ट्यांना डोळ्याच्या वर अंगठ्याला बारीकसा काटा अडकतो. काहींना नाही. दिसायला दोघी एकाच आईच्या. तुझ्या पुस्तकात याचं काही आहे का? घाई नाही. सवडीनं कळव.

आत्या

कागदाला खवलं चिकटलंय. राहू दे. हात धुऊन लिहायला बसले तर पत्रच होणार नाही.


१४ ऑक्टोबर

आत्या,

चौपट्टी खाऊ नकोस. कुणाला खाऊ देऊ नकोस. हे पत्र ज्याच्या हातात पडेल त्यानं आधी आवारात जाऊन भिंतीवरचा तक्ता काढावा आणि मग पुढचं वाचावं.

तुझं पत्र आज अकरा वाजता मिळालं. काट्याचं वाचलं आणि मी बरणी काढली. चिठ्ठीवर लिहिलंय, कानस मासा, निर्धोक. आत तीन मासे आहेत. कानस म्हणतात कारण कातडी कानशीसारखी खरखरीत असते, आणि डोळ्याच्या वर त्याला एक काटा असतो. तो पाठीवरच्या खाचेत मिटून ठेवता येतो. मी सुईनं उचलून पाहिलं. पहिल्याला काटा उभा राहिला. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला काटा नाही आणि खाचही नाही.

मग पाठीवरचा पर उलगडला. पहिल्या दोघांचा पर पाठीच्या मध्यापासून शेपटीपर्यंत लांब आहे, आत पंचवीस काड्या. तिसऱ्याचा आखूड, पार शेपटीजवळ. काड्या नऊ. मी तीनदा मोजल्या, नऊच आहेत.

तिसरा कानस नाही. तो फुगणाऱ्या माशांतला आहे. त्याच्या कातडीत आणि पोटात विष असतं. भाजून जात नाही, उकळून जात नाही, वाळवून जात नाही. मोठे मासे त्याला घाबरतात, म्हणून बिचाऱ्या कानसानं त्याचेच पट्टे अंगावर घेतले आहेत. आपण दोघांनाही चौपट्टी म्हणतो. आजीच्या आईनं दोन्ही फेकायला सांगितलं होतं आणि मी त्याला अडाणीपणा समजले.

मी चित्र तिसऱ्याचं काढलं, आत्या. त्याचे पट्टे सगळ्यात ठळक होते. काटा दिसला नाही तेव्हा वाटलं, मिटलेला असेल. पर अंगाला चिकटले होते, ते मी काढलेच नाहीत. पट्टेच रंगवत बसले.

आज चौदा तारीख आहे. तू लिहिलंयस, पिशव्या आल्या की. त्या दहालाच येतात. तार केली, पण आजची बोट पहाटेच सुटली. तार आणि हे पत्र एकाच पिशवीतून एकवीस तारखेला तुझ्याकडे येणार. बंदराच्या कचेरीत विचारलं, मला न्या म्हणून. ते म्हणाले, धक्का नाही, माणसं घेत नाही.

तू विसरली असशील. तुला ऐन वेळी कुणी बोलवायला आलं असेल. तू नेहमी म्हणतेस की ठरवलेल्या वेळी तुझं एक काम होत नाही. आज तसंच झालेलं असू दे.

कुणी खाल्लं असेल तर आधी ओठ बधिर होतात, मग बोटं, मग पाय, मग श्वास थांबतो. औषध नाही. एक दिवस दुसऱ्यानं श्वास द्यायचा, एवढंच करता येतं. माणूस मेल्यासारखं दिसलं तरी थांबायचं नाही. दवाखान्यातल्या कंपाउंडरना ही ओळ वाचून दाखवा.

मोजणी


१९ ऑक्टोबर

चि. मोजणी हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. इकडे सर्व कुशल आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. तुझ्या तक्त्याचा सर्वांना फार उपयोग होत आहे. चौपट्टी चवीला चांगली लागते असे सगळे म्हणतात. तुझे बाबा व दादा मजेत आहेत.

तू परीक्षेचा अभ्यास नीट कर. इकडची काळजी करू नकोस. धक्का दुरुस्त होईपर्यंत येण्याचा विचार करू नये. पत्र आले नाही तरी काळजी करू नकोस.

तुझी,
आत्या


२८ ऑक्टोबर

दादा,

हे पत्र तुला लिहिते आहे, कारण आत्याच्या नावानं आलेलं पत्र तू लिहिलं आहेस.

पाकीट फोडलं आणि पहिली ओळ वाचून घरमालकीणबाईंना हाक मारली. जिवंत आहे, लिहिते आहे. मग मी ते टेबलावर ठेवलं आणि दुसऱ्यांदा वाचलं. ओळीन् ओळ रेघेखाली आहे. आत्यानं जन्मात अक्षरावर रेघ मारलेली नाही. ती मला मोजणी म्हणत नाही, मोजणीबाई म्हणते. ती 'मिळाले, आहे, करू नये' असं लिहीत नाही. तिच्या पत्राला मासळीचा वास येतो आणि कुठंतरी एक खवलं असतं. मी कागद उजेडात धरून पाहिला, हुंगला. साबणाचा वास आला. आणि काळजी करू नकोस असं दोनदा लिहिलंय. ती असताना हे एकदाही लिहायची गरज पडली नव्हती.

'ती असताना' असं माझ्या हातून लिहून झालं. खोडत नाही. तूच सांग ते खोडायचं की नाही.

तारीख एकोणीस आहे. म्हणजे तू हे लिहिलंस तेव्हा माझी तार पोचलेली नव्हती. चौपट्टी चवीला चांगली लागते असं कोण म्हणतं? किती जण म्हणतात? सतरा घरांत माणसं किती होतात ते मी मोजायला बसले आणि एकूण ऐंशीच्या पुढे जाताना थांबले.

आज पुन्हा गुरुवार, बोट गेलेली आहे. मी बरण्यांच्या खोलीत बसते आणि संध्याकाळी खोलीवर येते. काल घरमालकीणबाईंनी जेवायला बोलावलं. ताटात मासा होता. मी त्याच्या पाठीवर अंगठा फिरवला. त्या बघत राहिल्या.

परीक्षेचं काढू नकोस. खरं काय ते लिही. वाईट असेल तर तेही तुझ्या स्वतःच्या नावानं लिही.

मोजणी


४ नोव्हेंबर

मोजणी,

आत्या जिवंत आहे. हे पहिल्या ओळीत लिहिलं, कारण तू पत्राची शेवटची ओळ आधी वाचतेस आणि तिथं काय लिहायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

बोट दोन तास उभी आहे. तुझं पत्र आत्ता मिळालं. होडीवाल्याला सांगितलंय, माझं घेतल्याशिवाय हलायचं नाही. मागच्या गुरुवारी दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं.

चौदा तारखेला अकराच्या सुमाराला तिनं आवारात सगळ्यांसमोर एक चौपट्टी तव्यावर भाजली. कातडीसकट खाल्ली. म्हणाली, मीठ कमी आहे. बायका हसल्या. अर्ध्या तासानं म्हणाली, ओठांवर मुंग्या चालल्यासारखं वाटतंय. एक जण म्हणाली, "तुमचे ओठ कधी थांबतात का, मुंग्या तरी कशा थांबतील?" मग तिच्या हातातला पेला पडला. उठायला गेली आणि पाय तिचे नसल्यासारखे दुमडले. दोन वाजता तिला श्वास घेता येईना.

कंपाउंडरनं रबरी पिशवी आणली. तोंडावर धरायची आणि दाबायची. तो, मी आणि बाबा पाळीपाळीनं दाबत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं आपला आपण श्वास घेतला तेव्हा पिशवी बाबांच्या हातात होती. त्यांना कळलंच नाही, ते दाबतच राहिले. कंपाउंडरनं त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

बाबा म्हणाले, अर्धांगाचा झटका. सगळ्यांनी तेच धरलं. तिनं नियम करून ठेवला होता, म्हणून तिचं काय होतं ते कळेपर्यंत कुणी चौपट्टीला हात लावला नाही. पत्रात मी ते चवीचं तुला बरं वाटावं म्हणून लिहिलं.

आता जे लिहितो ते बाबांना सांगू नकोस. मला पहिल्या दिवसापासून शंका होती. घरी आणल्यावर तिचा हात हलायला लागला तेव्हा ती बोटानं भिंतीकडे दाखवायची. जीभ जड होती, शब्द फुटत नव्हता. बाबांना वाटायचं, खिडकीतून ऊन येतंय. ते पडदा ओढायचे. घरचा तक्ता त्याच भिंतीवर होता, मी तो आदल्या दिवशी काढून ट्रंकेत ठेवला होता. ती रिकाम्या भिंतीकडे दाखवत होती आणि मला कळत होतं. पण सतरा घरांत जाऊन सांगायचं म्हणजे तुझं नाव घ्यावं लागलं असतं. त्या गिरवलेल्या नावावर बाबा किती खूश होते ते तू पाहिलेलं नाहीस. आठ दिवस मी गप्प बसलो.

एकवीसला तुझी तार आणि पत्र आलं. मी तसाच निघालो. आवारातला तक्ता उतरवला आणि दुपारपर्यंत घरांतले सोळा गोळा केले. सतरावा बारकीकडे. ती तेरा तारखेलाच पलीकडच्या किनाऱ्यावरच्या झोपडीत राहायला गेली होती, हंगामापुरती. आत्याचं तिला काही कळलेलं नव्हतं. तिनं एवढंच लक्षात ठेवलं होतं की चौदा तारखेला आत्या खाणार आणि मग सगळ्यांनी खायला हरकत नाही.

मी पोचलो तेव्हा तक्ता चुलीच्या वर टांगलेला होता आणि पातेल्यातून वाफ येत होती. तीन पोरं ताटल्या घेऊन बसली होती. झाकण काढलं. आत अकरा चौपट्ट्या. मी पातेलं उचलून बाहेर वाळूत ओतलं. हात भाजले. ती मला शिव्या देत होती. तुझं पत्र तिच्यापुढे धरलं. तिला वाचता येत नाही. तिच्या मोठ्या पोरीनं मोठ्यानं वाचलं, अडखळत, पहिल्यापासून. कातडीत आणि पोटात विष असतं तिथं आली आणि थांबली.

अकरापैकी बिनकाट्याच्या किती होत्या ते मला माहीत नाही. वाळूत हात घालून बघायची हिंमत झाली नाही.

होडीवाला हाका मारतोय. 'ती असताना' लिहिलेला कागद सोबत परत पाठवतोय. ते वाक्य खोड.

दादा


११ नोव्हेंबर

ती. आत्या,

वाक्य खोडलं. इतकं खोडलं की कागद फाटला.

तुला काय लिहावं कळत नाही. क्षमा मागावी म्हटलं तर तू रागावशील, आणि न मागता झोप लागत नाही. डोळा लागला की पातेल्याचं झाकण दिसतं.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी एक्क्याण्णव नंबरची बरणी मागवली, चष्मा काढून चिठ्ठी जवळून पाहिली. म्हणाले, "हे अक्षर माझंच आहे." तरुणपणी त्यांनीच ते तीन मासे एका बरणीत घातले होते. मग ते खुर्चीवर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. मला वाटलं होतं त्यानं माझं ओझं हलकं होईल. झालं नाही. त्यांनी बरणीवर चुकीचं लिहिलं, मी ते चुलीवर नेलं.

आता मला बरणी उघडायची भीती वाटते. चिठ्ठीवर नाव लिहिताना हात थांबतो. हा खरंच हाच आहे का? पाचशे वेळा पाहिलेला मासासुद्धा दुसऱ्याचे कपडे घालून आल्यासारखा वाटतो. या आठवड्यात चाळीस बरण्या तपासल्या आणि दोनच चिठ्ठ्या लिहिल्या.

राजीनामा लिहून ठेवला आहे. साहेबांना दिलेला नाही. डब्याखाली आहे. मी पुन्हा कागदावर मासा काढणार नाही. सोळा तक्ते जाळून टाका, सतरावाही. माझं नाव सगळ्यांच्या भिंतीवरून जाऊ दे.

तुला बरं वाटत असेल तर एक ओळ लिही. एक अक्षर लिहिलंस तरी चालेल, मी ओळखेन.

मोजणी


२३ नोव्हेंबर

चि. मोजणीबाई,
आशीर्वाद.

रेघ नाही, बघून घे. अक्षर वाकडं आहे ते माझंच आहे. पेन पहिल्या दोन बोटांत धरून लिहितेय, तीन दिवस लागले. खवलं मुद्दाम लावलेलं नाही, आपोआप आलं.

तुझ्या दादाला मी सगळं बोलायचं ते बोलले. पत्रात मला 'अनेक उत्तम आशीर्वाद' द्यायला लावले म्हणून जास्त बोलले. मेल्यावरसुद्धा मी असं लिहिणार नाही.

तुला एक सांगते, अजून कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी मला सगळं ऐकू येत होतं. पापणी हलत नव्हती, पण कान उघडे होते. कंपाउंडर तुझ्या बाबांना म्हणाला, आता जवळ बसा. ते मी ऐकलं. पिशवी दाबायला उशीर झाला की मी आत मोजायचे, एक, दोन, तीन, तुझ्यासारखी. एकदा नवापर्यंत गेले. तुझ्या पत्रात नऊ काड्या वाचल्या आणि मला पत्र खाली ठेवावं लागलं.

मरायची भीती होती, नव्हती असं म्हणत नाही. पण मोठी भीती वेगळी होती. मला कळलं होतं की हे त्या माशाचं आहे. सतरा घरं डोळ्यांपुढे येत होती, प्रत्येकीची चूल येत होती, आणि मी आतल्या आत ओरडत होते, तक्ते काढा रे. जीभ लाकडाची झालेली. आणि तुझे बाबा आणि दादा तुला कळवायचं की नाही यावर भांडत होते.

राजीनाम्याचं वाचलं. डब्याखाली आहे तिथंच राहू दे, डबा डुगडुगत असेल तर उपयोगी पडेल. तू गेलीस तर उरलेल्या बरण्या कोण उघडणार? अजून कुणाच्या आवारात कुठल्या भिंतीवर काय टांगलेलं असेल, कुणाला ठाऊक. तुझे साहेब खुर्चीवरून उठले नाहीत ना अजून? मग तूच उघड. भीती वाटते ते बरं आहे. पहिल्या वेळी वाटली नव्हती.

चूक मीही केली. अंगठ्यानं मला सांगितलं होतं, दोन आहेत म्हणून. पण तुझ्या नावापुढे मला माझा अंगठा खोटा वाटला.

तक्ते जाळलेले नाहीत. बायकांनी मिळून सोळांतलं चौपट्टीचं चित्र कात्रीनं कापून काढलं. तक्त्यांना मधे चौकोनी भोक पडलंय. सतरावा बारकी देत नाही. तिनं त्या चित्रावर काळी फुली मारलीय आणि तो तिथंच चुलीच्या वर ठेवलाय. तुझं नाव कुणीच कापलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, नव्या तक्त्यावर पुन्हा कोण गिरवत बसणार.

नवा तक्ता हवा आहे. त्यात चौपट्टी दोन्ही फेकायची असंच लिही, पण का ते लिही. कारण मागे राहिलं पाहिजे.

आणि एक गोष्ट. पाय आले, जीभ आली, बाकी बोटं आली. अंगठे आलेले नाहीत. कंपाउंडर म्हणतो, येतील. काल बारकीनं दोन चौपट्ट्या माझ्यापुढे ठेवल्या, म्हणाली, आता दाखवा काटा कुठला तो. सगळ्या जमल्या. मी उजवा अंगठा फिरवला, मग डावा फिरवला. मला दोन्ही सारख्याच लागल्या. कुणाला कळू दिलं नाही. म्हटलं, खेळ नाही हा, द्या फेकून. पण तेव्हापासून टोपलीत हात घालायला भिते, गं. टोपलीत आणखी काय काय आहे जे मी नुसत्या अंगठ्यानं बाजूला काढत होते, ते मला सांगता येत नाही. ते मी कधी शब्दांत शिकलेच नव्हते. ते तुझ्या बावीस चित्रांत नाही.

धक्का गेल्या सोमवारी पुरा झाला. पुढच्या गुरुवारपासून बोट माणसं घेते. रजा काढ आणि ये. रंग, कागद काही आणू नकोस. मी डोळे मिटून आठवेन, तू हात फिरव, आणि दोघी मिळून बघू किती शिल्लक आहे.

नखं कापून ये.

आत्या